मुंबईची म्युझियम ट्रिप फसू नये म्हणून: आमच्या फसलेल्या दोन दिवसांवरून

मे महिन्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, माझी आई आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा, नाशिकहून मुंबईला फक्त म्युझियम आणि आर्ट गॅलऱ्या बघायला गेलो होतो. दोन दिवस, पाच ठिकाणं, त्यातलं धड एकही बघून झालं नाही. परत येताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती आणि ते मला फार लागलं. नंतर दिवाळीच्या सुट्टीत परत गेलो आणि तेव्हा मात्र इतकं छान झालं की आता ओळखीतलं कोणी मुंबईला निघालं की मी आधी त्यांना फोन करून हे सगळं सांगते, तर म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

सगळ्यात आधी वार बघा. तिकीट काढायच्या आधी, हॉटेल बघायच्या आधी. आम्ही रविवार-सोमवार गेलो होतो कारण माझी सुट्टी तशी येत होती. रविवारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (आईच्या भाषेत अजून प्रिन्स ऑफ वेल्स), आणि सोमवारी घारापुरी (म्हणजे एलिफंटाच्या लेण्या), मग दुपारी एनजीएमए (आधुनिक चित्रांची राष्ट्रीय आर्ट गॅलरी), मग वेळ उरला तर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम, असं मी वहीत लिहून ठेवलेलं. आता यातली गंमत बघा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीसुद्धा उघडं असतं, आणि मी सोमवारसाठी राखून ठेवलेली तिन्हीच्या तिन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात. घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद, एनजीएमए सोमवारी बंद, रिझर्व्ह बँकेचं म्युझियम सोमवारी बंद. सकाळी नऊ वाजता आम्ही गेटवेला उभे, ऊन चढायला लागलेलं, आणि तिथल्या एका माणसाने सांगितलं की ताई आज लेणी बंद आहे. आई एवढंच म्हणाली, "अगं, एवढ्या लांब आलो ते बंद दारं बघायला का?"

तर नियम असा धरा: जे रोज उघडं असतं ते सोमवारसाठी ठेवायचं. सोमवारी मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर आर्ट गॅलरी, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम, यांच्यावर दिवस काढता येतो. भाऊ दाजी लाडची सुट्टी बुधवारी असते आणि ते ज्या राणीच्या बागेत (प्राणिसंग्रहालय आहे ती) आहे ती बागही बुधवारीच बंद, म्हणजे बुधवारी भायखळ्याला उतरलात तर दोन्हीकडून गेलात. रविवारी घारापुरी, एनजीएमए वगैरे चालतं. आणि कुलाबा-फोर्टमधल्या ज्या खाजगी आर्ट गॅलऱ्या आहेत त्या बहुतेक रविवारी बंद असतात, हे मला माहितीच नव्हतं, मला वाटायचं सुट्टीच्या दिवशीच तर लोक चित्रं बघायला जाणार ना. त्यांच्यासाठी शनिवार चांगला. जहांगीरचं मात्र वेगळं आहे, तिथे रोज अकरा ते सात कधीही जा, तिकीट नाही, फक्त तिथली प्रदर्शनं आठवड्याने बदलतात, साधारण मंगळवारी नवीन लागतं ते सोमवारपर्यंत असतं, त्यामुळे कोणी सांगितलं की अमक्याचं प्रदर्शन बघ तर लगेच तारीख विचारा.

तारखेवरून आठवलं, आम्ही सोमवारी सगळीकडे बंद बघून शेवटी एका छोट्या गॅलरीत गेलो, नाव घेत नाही, तर आत भिंतींना रंग देणं चाललेलं, आधीचं प्रदर्शन उतरलेलं आणि पुढचं लागायचं होतं. गॅलऱ्यांमध्ये असे मधले दिवस असतातच. एनजीएमएचंही असंच आहे, तिथे मुख्य भर प्रदर्शनांवर असतो, त्यामुळे आत्ता काय चालू आहे हे बघूनच निघायचं. आणि म्युझियममधली एखादी वस्तू रीलमध्ये किंवा कोणाच्या फोटोत बघून मनात भरली असेल तर ती तिथे कायम असते की एखाद्या खास प्रदर्शनापुरती आणलेली होती हेही विचारून घ्या, नाहीतर आपण त्या एका वस्तूसाठी सगळं म्युझियम पालथं घालतो आणि ती केव्हाच परत गेलेली असते. सकाळी फोन करायचा आणि तीनच प्रश्न विचारायचे: आज उघडं आहे का, कुठली दालनं बंद आहेत का, आणि तिकीट खिडकी किती वाजता बंद होते. दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा कारण "उघडं आहे" म्हणतात आणि आपण बघायला गेलो ते दालनच दुरुस्तीला काढलेलं असतं.

रविवारचा दुसरा घोळ म्हणजे मेगाब्लॉक, रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल गाड्या काही तास कमी करतात तो. नाशिकचं माणूस हे विसरतंच. आम्ही शनिवारी रात्री ठाण्याला मामेबहिणीकडे उतरलो होतो, सकाळी निवांत पोहे वगैरे खाऊन अकराला स्टेशनवर गेलो तर गाड्या उशिराने, गर्दी म्हणजे विचारू नका, आईला उभं राहायलाही जागा नव्हती, आणि व्हीटीला (म्हणजे सीएसएमटी स्टेशनला) पोचेपर्यंत साडेबारा वाजून गेले. ब्लॉकच्या वेळा शनिवारीच जाहीर होतात, त्या बघा, आणि रविवारी उपनगरातून येणार असाल तर दहाच्या आत व्हीटी गाठा, बस्स. एकाच दिवसाचं असेल तर आमच्यासाठी सकाळची पंचवटी एक्सप्रेस बरी, अकरापर्यंत व्हीटीला सोडते आणि संध्याकाळी परत तीच. सामान व्हीटीच्या क्लोकरूमला टाकून द्या, म्युझियममध्ये मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. व्हीटीपासून काळा घोडा (वस्तुसंग्रहालय, जहांगीर, एनजीएमए याच भागात आहेत) चालत वीस-पंचवीस मिनिटं, वयस्कर माणूस बरोबर असेल तर सरळ टॅक्सी करा. आता मेट्रो तीन सुरू झालीय, तिचं हुतात्मा चौक स्टेशन काळ्या घोड्याला जवळ पडतं.

आता खरी गोष्ट. वार आणि ब्लॉक हे सगळं जमलं असतं तरी आमची ट्रिप फसलीच असती असं मला आता वाटतं. कारण रविवारी म्युझियममध्ये आम्ही पोचलो, दीड वाजता आत गेलो, आणि मी ठरवलेलं की सगळं बघायचं. सगळं. तळमजला ते वरपर्यंत. शिल्पं, लघुचित्रं, नाणी, चिनी मातीची भांडी, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी, तिबेटच्या मूर्ती, टाटांच्या संग्रहातली युरोपियन चित्रं. तासाभरात मुलगा विचारायला लागला, "आई, अजून किती खोल्या?" आणि आजी जिथे बाक दिसेल तिथे बसायला लागली. मी मात्र दोघांना ओढत पुढे. साडेचारपर्यंत मला समोरच्या काचेत काय आहे हे दिसायचंच बंद झालं होतं, नुसत्या पाट्या वाचत होते. बाहेर आल्यावर मी मुलाला विचारलं काय आवडलं, तर म्हणाला बागेतली मांजर. म्युझियमचा काही दोष नाही हो यात. इतकं सुंदर म्युझियम आहे, चूक माझ्या बघण्याची होती.

दिवाळीला जाताना मी यादी केलीच नाही. एक धागा पकडला. म्हणजे एकच गोष्ट घ्यायची आणि तिच्या मागे मागे दोन-तीन ठिकाणी जायचं, आणि वाटेत बाकी जे दिसेल ते दिसेल, नाही दिसलं तर नाही. हे मला शिकवलं एका शाळेच्या बाईंनी, त्या मुलांना घेऊन आलेल्या आणि एकाच मूर्तीसमोर अर्धा तास मुलांना बसवून चित्र काढायला लावत होत्या. तेव्हा मी त्यांच्या शेजारून घाईघाईने पुढे गेले होते, आता तो अर्धा तास आठवतो.

आमचा धागा होता घारापुरी, कारण मे महिन्यात तीच राहिली होती. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेटवेहून बोट पकडली, तासभर लागतो, वारा छान असतो. जेट्टीवरून छोटी झुकझुक गाडी आहे ती घ्या, मुलं खूश होतात. मग पायऱ्या, एकशेवीसच्या आसपास आहेत, आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही दर वीस पायऱ्यांवर थांबलो, पण खुर्चीची डोलीपण मिळते, भाव आधी ठरवून घ्या. सकाळी लवकर जायचं एवढं नक्की करा, अकरानंतर ऊनही आणि गर्दीही. आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की बोटी बंद ठेवतात त्यामुळे जून ते सप्टेंबर हा धागा नकोच. वर गेल्यावर मुख्य लेण्यात सगळ्या मूर्ती बघत फिरू नका, आधी सरळ त्या तीन तोंडांच्या सदाशिवासमोर जा, सुमारे वीस फूट उंच आहे, आणि दहा मिनिटं अंधाराला डोळे सरावू द्या. आई तिथे कट्ट्यावर बसली आणि बराच वेळ काही बोललीच नाही, पण हे गप्प बसणं वेगळं होतं.

मग मुलाला मी विचारलं, या बेटाला एलिफंटा का म्हणतात, इथे हत्ती कुठे आहे? त्याने सगळीकडे शोधला. हत्ती इथे नाहीच, तो उद्या बघायचा, असं सांगितलं तेव्हा त्याची रात्रभर उत्सुकता ताणलेली. इथे दगडाचा एक मोठा हत्ती होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी हे नाव दिलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला आणि उचलताना तो पडून फुटला. त्याचे तुकडे नंतर मुंबईत आले, 1914 मध्ये जोडले आणि आता तो भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर उभा आहे. रविवारी सकाळी आम्ही भायखळ्याला उतरलो, पूर्वेला, तिथून दहा-बारा मिनिटं चालत, आणि मुलगा पळत जाऊन त्या हत्तीचे जोड शोधत बसला, कुठे कुठे जोडलंय ते बोटाने दाखवत होता मला. मे महिन्यात याच पोराला मांजर आवडली होती.

भाऊ दाजी लाड म्युझियम नक्की बघा, मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम आहे, 1872 मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं, 1975 मध्ये डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं, कारण ते उभं करण्यात त्यांचा आणि जगन्नाथ शंकरशेटांचा मोठा हात होता. आत गेल्या गेल्या वर बघा, छत, खांब, कठडे, सगळं हिरवं-सोनेरी. आणि ते लहान आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, दीड-दोन तासात माणूस दमत नाही. मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतले निरनिराळे लोक, त्यांचे धंदे, त्यांच्या पगड्या. आईने त्यातल्या पगड्या ओळखायला सुरुवात केली आणि माझ्या पणजोबांची पगडी कशी होती ते नातवाला सांगत बसली, मी फक्त मागे उभी राहून ऐकलं.

तिसरा टप्पा दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि तिथे फक्त शिल्पांचं दालन. घारापुरीहून आणलेला ब्रह्मा तिथे आहे. आदल्या दिवशी लेणं बघून आलेलो असल्यामुळे तो दगड, ती घडण लगेच ओळखू आली, मुलानेच आधी ओळखलं. मग तिथूनच जवळ अश्शूरच्या राजाच्या महालातले कोरलेले दगड बघितले, 2,900 वर्षांपूर्वीचे, इराकमधल्या निमरूदचे, ते मी मे महिन्यात बघितलेच असणार पण मला आठवतच नव्हते! दीड तासात बाहेर. वरच्या मजल्यांवर गेलोच नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नाशिककरांसाठी एक सांगते, त्या इमारतीच्या आत ज्या लाकडी कमानी आणि खांब आहेत ते आपल्या नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून नेलेले आहेत. आईला हे सांगितलं तर तिने जाऊन खांबाला हात लावता येतो का ते विचारलं. नाही लावता येत.

असे धागे मुंबईत खूप सापडतात. काळ्या घोड्याचाच घ्या. काळा घोडा चौकात आत्ता जो घोडा आहे तो 2017 साली बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही. मूळचा घोडा, ज्याच्यावर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड बसलेला आहे आणि ज्याच्यावरून या भागाला नाव पडलं, तो 1965 मध्ये तिथून हलवला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला. म्हणजे सकाळी काळा घोडा आणि दुपारी खरा काळा घोडा, असा दिवस होतो. किंवा जॉर्ज विटेट नावाच्या आर्किटेक्टचा धागा: गेटवे ऑफ इंडिया त्यानेच केलं, वस्तुसंग्रहालयाची इमारतही त्याचीच, आणि समोर एनजीएमए ज्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये आहे तो हॉलही त्याचाच, सगळं चालत पंधरा मिनिटांच्या आत. वस्तुसंग्रहालयाची इमारत 1914 मध्ये बांधून झाली होती पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्कराचं हॉस्पिटल केलं आणि लोकांसाठी उघडायला 1922 उजाडलं, असं काही माहिती असलं की भिंतींकडे बघायलाही मजा येते. ज्यांना नाण्यांची आवड आहे त्यांनी रिझर्व्ह बँकेचं म्युझियम आणि वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन, आणि नाशिकचे असाल तर त्र्यंबक रस्त्याला आंजनेरीचं नाण्यांचं म्युझियम आधी घरच्या घरी बघून मग जायचं. गांधीजींचा धागा असेल तर गावदेवीचं मणिभवन, 1917 ते 1934 ते मुंबईत आले की तिथे उतरायचे, आत त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या छोट्या बाहुल्यांमधून उभे केलेत.

धागा कसा निवडायचा तर बरोबरच्या माणसांकडे बघून. मुलं असतील तर त्यात काहीतरी शोधायचं असावं. वयस्कर माणूस असेल तर त्याच्या आठवणीतलं काही असावं. पण इथे एक सांभाळा.

माझे बाबा लग्नाआधी फोर्टात नोकरीला होते. लग्नानंतर आईला पहिल्यांदा मुंबई दाखवली तेव्हा ते तिला जहांगीर आर्ट गॅलरीत घेऊन गेले होते आणि तिथल्या समोवार नावाच्या कॅफेत दोघं चहा प्यायले होते. हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. तर मे महिन्यात रविवारी संध्याकाळी, वस्तुसंग्रहालयातून दमून बाहेर पडल्यावर, मी आईला म्हटलं चल आता समोवारमध्ये बसू. ती एकदम ताजी झाली, पदर वगैरे नीट केला. आत गेलो आणि विचारलं तर समोवार 2015 मध्येच बंद झालंय. पन्नास वर्षं चाललं आणि बंद झालं, आणि मी घरातून निघण्याआधी एकदा शोधून बघितलं नव्हतं. आई म्हणाली असू दे गं. पण ती ज्या लांब अरुंद जागेबद्दल सांगायची तिच्या दिशेने ती किती वेळ बघत होती.

म्हणून सांगते, घरच्या मोठ्या माणसाला त्यांची जुनी जागा दाखवणार असाल तर आधी ती जागा आहे की नाही हे स्वतः खात्री करून घ्या आणि नसेल तर घरीच सांगा. सरप्राइज देऊ नका. माहीत असलं की माणूस तयारीने येतं, मग नुसती ती भिंत, तो जिना बघूनही त्याला बरं वाटतं. दिवाळीला आम्ही परत जहांगीरला गेलो, या वेळी आईला सगळं माहिती होतं. तिने आतली चित्रं सावकाश बघितली, एका चित्रकाराशी दहा मिनिटं गप्पा मारल्या (जहांगीरमध्ये चित्रकार बऱ्याचदा स्वतः तिथेच बसलेले असतात, बोला त्यांच्याशी, ते आनंदाने सांगतात), आणि बाहेर फुटपाथवर जे स्केच काढून देणारे कलाकार बसतात त्यांच्यातल्या एकासमोर बसून तिने स्वतःचं चित्र काढून घेतलं. ते आता देवघराच्या शेजारी बाबांच्या फोटोखाली लावलंय.

खाण्याचं थोडक्यात. म्युझियममध्ये उपाशी पोटी जाऊ नका, मे महिन्यातली निम्मी चिडचिड भुकेची होती. व्हीटीला उतरल्या उतरल्या समोर आरामचा वडापाव किंवा पंचम पुरीवाला, आणि पाण्याची बाटली. मधे दर पाऊण तासाला बाक शोधून बसायचं. खरंच घड्याळ लावून बसायचं.

आणि तरीही फसलं तर? म्हणजे तिथे पोचलात आणि बंद निघालं तर? आमचा सोमवार मी आज परत जगू शकले असते तर काय केलं असतं सांगते. गेटवेला उभं राहून लगेच दुसरं म्युझियम गाठायच्या मागे लागले नसते. आधी चहा. मग तिथूनच चालत वस्तुसंग्रहालय, जे सोमवारी उघडं आहे, आणि आदल्या दिवशी बघून झालंय म्हणून सोडून न देता परत आत, या वेळी फक्त एका दालनात. त्याच तिकिटाचे पैसे परत भरावे लागतील ते भरायचे. म्हणजे आदल्या दिवशी जे डोळ्यांसमोरून नुसतं गेलं ते नीट बघून झालं असतं. दुपारी भायखळा. तिथलं भाऊ दाजी लाड म्युझियमही उघडं होतं. आणि आम्ही काय केलं, तर चार बंद दारं हिंडून उन्हात साडेतीन वाजेपर्यंत फिरलो आणि क्रॉफर्ड मार्केटला जाऊन फालुदा खाल्ला. फालुदा चांगला होता.

आता आई जानेवारीत विटेटचा धागा करायचा म्हणतेय, एक दिवसाचा, पंचवटीने जाऊन पंचवटीने परत. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नको असं मीच म्हटलं, तेव्हा काळा घोडा फेस्टिव्हल असतो आणि त्या नऊ दिवसात तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, ज्यांना ती गर्दी आवडते त्यांनी जरूर जावं पण आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. वार मंगळवार धरलाय. वस्तुसंग्रहालय उघडं, एनजीएमए उघडं, जहांगीरला नवीन प्रदर्शन लागलेलं असेल. सोमवारी संध्याकाळी तिन्ही ठिकाणी फोन करायचा आहे, ते काम मुलाने स्वतःकडे घेतलंय, तीन प्रश्न त्याने वहीत लिहून ठेवलेत.